थंड पाण्याचा पाहुणा

दिल्लीच्या उन्हाळ्याला कंटाळून काश्मीरच्या गारव्याकडे धाव घेण्याची प्रथा मोगल बादशहांनी पाडली. १६६५ साली औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर गेलेल्या बर्निये या फ्रेंच वैद्याने तेथील एका उद्यानातील हौदाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यातील मासे हाक मारली किंवा भाकरीचे तुकडे टाकले की जवळ येत, आणि त्यांपैकी काहींच्या कल्ल्यांत नूरजहानने घातलेल्या सोन्याच्या कड्या होत्या. मासा घरी पाळावा, त्याने आपल्याला ओळखावे, ही हौस अशी जुनी आहे. परंतु हौदातले ते मासे तिथल्याच पाण्याचे होते. ट्राउट नावाचा मासा त्या काळी हिंदुस्थानात नव्हताच.

ट्राउट हा मूळचा थंड, वाहत्या, निर्मळ पाण्याचा रहिवासी. पाण्याचे उष्णतामान दहा ते सोळा अंश सेल्सिअस असले की तो सुखात असतो. पंचवीस अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. याचे कारण प्राणवायूत आहे. दहा अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे अकरा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तीस अंशांना तो साडेसातच उरतो. पाणी तापते तसतशी माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो.

असा नाजूक जीव माणसाच्या हाती आला तो दोन शोधांमुळे. अठराव्या शतकात याकोबी या जर्मन गृहस्थाने ट्राउटच्या मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढली, त्यांवर नराचे रेत सोडले आणि वाहत्या पाण्याच्या पेटीत ती उबवली. पुढे १८५० साली वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाणवनस्पती आणि मासे यांचा काचेच्या भांड्यात मेळ घालून दाखवला, आणि दिवाणखान्यातील मत्स्यपेटीला शास्त्राचा आधार मिळाला. पहिल्या शोधाने ट्राउटचा जन्म माणसाच्या स्वाधीन केला, दुसऱ्याने मासा घरात आणला. दोन्ही एकत्र आणण्यात अडचण होती ती एकच, गारव्याची.

ही अडचण प्रथम सुटली ती समुद्रावर. १८६४ साली 'नॉरफोक' जहाजाने इंग्लंडहून टास्मानियाला अंडी नेली, ती ओल्या शेवाळात, बर्फाच्या कोठीत ठेवून. तीन महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त ओलांडूनही त्यांतली काही जगली. हिंदुस्थानात मात्र यश सहजी आले नाही. डॉ. फ्रान्सिस डे यांचे त्याच दशकातील निलगिरीवरचे प्रयत्न फसले. १८९९ साली काश्मीरसाठी निघालेली अंडी वाटेतच नासली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र तगली. तिची जोपासना करणारे मिचेल हे मत्स्यशास्त्रज्ञ नव्हते. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे ते एक हौशी गृहस्थ होते. हारवन येथे उबवणी केंद्र उभे राहिले. पुढे १९०९ च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यात आणि विल्सन यांच्या परिश्रमाने निलगिरीतही ट्राउट रुजला.

उबवणीचे काम मोठ्या चिकाटीचे असते. दहा अंशांच्या पाण्यात इंद्रधनुषी ट्राउटच्या अंड्यांना फुटायला महिनाभर लागतो. तेवढे दिवस त्यांना अंधार हवा, संथ वाहते पाणी हवे. मेलेले अंडे पांढरे पडते व त्यावर बुरशी धरते. ते वेळीच वेचले नाही तर शेजारचीही जातात. पिलू बाहेर पडल्यावर काही दिवस पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवरच जगते आणि मगच खायला शिकते.

दिल्लीच्या हौशी माणसाला हे घरी करता येईल का? येईल, पण विजेच्या जोरावर. अमेरिकेतील अनेक शाळांत मुले शीतयंत्र लावलेल्या काचपेटीत ट्राउटची अंडी उबवतात आणि वाढलेली पिले ओढ्यात सोडतात. दिल्लीत बाहेर चाळीस-पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा असताना तेच यंत्र अहोरात्र चालावे लागेल, नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढावे लागेल, आणि वीज गेलेली एक दुपार सगळा खेळ संपवील. पिले मोठी झाली तरी त्यांना सोडायला ओढा मिळणार नाही. म्हणून दिल्लीकराला ट्राउट भेटतो तो बहुधा काश्मीर-हिमाचलहून बर्फात येणारा, बाजारातला.

या पाहुण्याचे कौतुक करताना यजमानाचाही विचार केला पाहिजे. परक्या ट्राउटने हिमालयातील मूळच्या माशांच्या अन्नात व जागेत वाटा मागितला, हे आता मान्य झाले आहे. आणि खुद्द दिल्लीत वजिराबादपासून ओखल्यापर्यंतच्या सुमारे बावीस किलोमीटरांत यमुनेच्या पाण्यातला प्राणवायू कित्येक महिने जवळजवळ शून्यावर येतो. तेथे ट्राउट तर दूरच, रोहू-कटलाही तग धरत नाहीत. हीच यमुना हिमालयातून निघते तेव्हा ट्राउटला मानवेल इतकी थंड व निर्मळ असते. काचपेटीत एका माशासाठी विकत घेतलेला गारवा आणि प्राणवायू ही नदी एके काळी फुकट वाहून आणीत होती. ट्राउटच्या इतिहासातून दिल्लीने घ्यायचा धडा तोच आहे.