धाव आणि पकड

कोल्हापूरचा दसरा ज्याने पाहिला आहे त्याला छत्रपतींची मेबॅक ठाऊक असतेच. विजयादशमीच्या संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटण्याआधी ती जुनी जर्मन मोटार संथपणे येते आणि बापमंडळी पोरांना खांद्यावर घेतात. कुणाचे डोळे तिच्या लांब नाकाडावर, कुणाचे दिव्यांवर, कुणाचे आत बसलेल्या महाराजांवर. खाली रस्त्याला टेकलेल्या रबराकडे पाहणारा मात्र विरळा! मोटारीच्या बाबतीत आपली रीतच अशी आहे. इंजिनाची ताकद विचारायची, रंग विचारायचा, किंमत तर आधी विचारायची. टायर म्हणजे मोटारीच्या वहाणा. झिजल्या की बदलायच्या, एवढाच त्यांचा मान.

पण गाडी कितीही भारी असो, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, आणि साध्या गाडीत त्यातली प्रत्येक जागा जेमतेम आपल्या तळहाताएवढी असते. पळणे, वळणे, थांबणे सारे काही तेवढ्यावर.

चाकाच्या कडेला बसवायच्या लोखंडी कड्याला मराठीत ‘धाव’ म्हणतात. सुताराने चाक केले की लोहार धाव लालबुंद तापवून त्यावर चढवी आणि वर पाणी ओती. वाफेचा लोट उठे आणि लोखंड आकसून लाकडाला आवळून बसे. या धावेने झिजू नये आणि चाकाला फुटू देऊ नये, याहून अधिक तिच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. कारण बैलगाडीचे चाक ओढले जाते, ते काही ओढत नाही. पकड लागते ती बैलाच्या खुराला, म्हणून पत्री ठोकायची ती खुराला. मोटार आली आणि हा हिशेब उलटा झाला. तिच्यात चाक हेच खूर! तेच ढकलते, तेच वळवते, तेच थांबवते. आता धावेने झिजू नये हे तर खरेच, पण तिने जमीन धरलीही पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या सवती आहेत. टायरचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या सवतींना एका घरात नांदवण्याची खटपट होय.

हवेच्या टायरचे पहिले पेटंट 1845 मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअराने घेतले. घोडागाड्यांच्या त्या काळात त्याचे फारसे चीज झाले नाही. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती पुन्हा काढली आणि जगभर नाव झाले ते त्याचे. पुढे थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले नि डनलॉपचे पेटंट रद्द ठरले; पण नाव राहिले ते राहिलेच. नशिबाची धाव कुणाच्या चाकाला बसेल ते सांगवत नाही.

मोटारीला हवा भरलेले टायर लावायचे धाडस मिशलिन बंधूंचे. 1895 च्या जूनमध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची शर्यत झाली. अंतर सुमारे 1,200 किलोमीटर. आंद्रे आणि एदुआर मिशलिन हवेच्या टायरांवर गाडी घेऊन निघाले. टायर फुटत गेले, सोबत घेतलेल्या बावीस नळ्या संपल्या, आणि दोघे भाऊ ठरलेली मुदत उलटून गेल्यावर धुळीने माखून परतले. लेव्हासोर नावाच्या पठ्ठ्याने भरीव रबराच्या चाकांवर तीच वाट एकट्याने सुमारे 49 तासांत कापली होती. लोक मिशलिनांना हसले असतील तर नवल नाही. परंतु चारच वर्षांनी, 1899 मध्ये, कामीय जेनात्झीने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली ती मिशलिनच्या हवेच्या टायरांवर. मग हसणारे गप्प झाले.

हवेने धक्के थोपवले. पण जमीन धरायची ती रबराने. ते कसे हे समजायला कोल्हापूरकराला परदेशी जावे लागत नाही, तालमीत डोकावले की पुरे. आपल्या आखाड्यातली तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवतात. फार कोरडी झाली तर पाय सुटतो, फार ओली झाली तर पाय रुततो. रबराचेही तसेच. त्यात गंधक किती, तेल किती, काजळी किती यावर त्याचा स्वभाव ठरतो. पहिले टायर फिकट पांढरट असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रबरात काजळी मिसळू लागली आणि टायरचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढले. काळा रंग आला तो असा. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत कणांत शिरून त्यांना धरते, पण लवकर झिजते. कडक रबर वर्षानुवर्षे टिकते, पण वळणावर हात सोडते. शर्यतीच्या गाडीचे टायर तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि बाजारहाटाला निघालेल्या गाडीत ते तापतच नाहीत. दुकानात जाऊन ‘सर्वांत चांगला टायर द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने आधी गाडी कुठे चालवणार ते सांगितले पाहिजे.

इथे आमच्या भाच्याची गोष्ट आल्यावाचून राहत नाही. त्याने एक जुनी चपळ गाडी घेतली आणि पुढच्या दोन चाकांना नवे, रुंद, खेळकर गाड्यांचे टायर चढवले. मागे जुने टायर तसेच, टक्कल पडायला आलेले. “मामा, ओढत्यात ती पुढची चाकं. पुढं जाड टायर घातलं की गाडी कशी चिकटून बसतीया बघा!” दुकानदारानेही मान डोलावली म्हणे. पावसाळ्यात स्वारी गगनबावड्याचा घाट उतरायला निघाली. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे नुसता पाऊस नव्हे, तो आभाळाचा फुटलेला बांध. एका वळणावर पुढची चाके वळली आणि गाडीची पाठ वळणाबाहेर निघाली. गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने कठड्याला टेकली. कठडा मजबूत होता, म्हणून यंदाच्या दिवाळीच्या फराळाला भाचा आमच्या ताटासमोर आहे. त्याच्या आईला ही हकीकत अजून पुरती ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती पडू नये म्हणजे मिळवली.

चूक कुठे झाली याचे उत्तर 1925 मध्येच मिळाले होते. फ्रान्समधल्या ब्रूलीए या इंजिनिअराने त्या वर्षी दाखवले की वळणावर टायर ज्या दिशेला तोंड करून असतो नेमका त्याच दिशेला जात नाही. रबर बाजूला ताणले जाते आणि चाकाचे तोंड व चाकाची वाट यांत थोडा कोन पडतो. वळवणारे बळ निर्माण होते ते या ताणातून. पुढे मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअराने अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये 1930 नंतर या कोनाचा पाठपुरावा केला. पुढच्या चाकांचा कोन मोठा झाला तर गाडी हट्टी बैलासारखी सरळ जाऊ पाहते. मागच्यांचा मोठा झाला तर पाठ फिरते. पहिल्या प्रकारात वेग कमी केला की बहुधा निभावते. दुसऱ्यात साधा माणूस काही करीपर्यंत गाडीचे तोंड कोकणाऐवजी कोल्हापूरकडे झालेले असते. म्हणून दोनच टायर नवे घ्यायचे तर ते मागे लावावेत, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असली तरीही. पुढे चांगले आणि मागे झिजलेले म्हणजे ओल्या घाटात आपल्याच हाताने गाडीची शेपूट सोडून देणे.

हीच गोष्ट रेडियल टायर आल्यावर लोकांना पुन्हा शिकावी लागली. जुन्या टायरात दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे असत. आपल्याकडच्या ॲम्बॅसिडर आणि फियाट वर्षानुवर्षे तसल्याच टायरांवर धावल्या. मिशलिनने 1946 मध्ये पेटंट घेतलेल्या टायरात दोरे चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे घेतले आणि वरून पोलादी तारांचा पट्टा बांधला. बाजू लवचीक, माथा घट्ट! वळणावर बाजू वाकली तरी माथा रस्त्यावर सपाट राहू लागला, झीज कमी झाली आणि पकड वाढली. दोन्ही सवती पहिल्यांदाच थोड्याशा हसल्या म्हणायच्या. मात्र पुढे रेडियल आणि मागे जुन्या बांधणीचे टायर लावणे धोक्याचे ठरले. कारण तेच, आमच्या भाच्याचे.

तिथून मग रुंदीचे वेड सुरू झाले. 1970 नंतरच्या दशकात इटलीच्या पिरेलीने लान्चिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी पी-सेव्हन नावाचा बुटका, रुंद रेडियल टायर केला. पुढे तो पोर्शे 911 टर्बोसारख्या रस्त्यावरच्या गाड्यांखाली आला. बाजूची भिंत बुटकी असली की ती कमी वाकते आणि हातातल्या चक्राचा हुकूम चाकाला लवकर पोचतो. पण तीच भिंत खड्ड्याचा धक्काही झेलत असते. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर बुटक्या टायरवाल्याचा रिम वाकला तर दोष कुणाला द्यावा? नक्षीचेही तसेच. कोरड्या रस्त्यावर नक्षी जितकी कमी तितके रबर अधिक टेकते, म्हणून शर्यतीचे टायर अगदी गुळगुळीत. ओल्या रस्त्यावर मात्र त्या खाचांतूनच पाणी बाहेर जाते. खाचा उथळ झाल्या की टायर पाण्यावर नावेसारखा तरंगतो आणि मग पकड कमी होते असे नव्हे, ती नसतेच.

चुकीचा टायर केवढ्याला पडतो ते साऱ्या जगाने 19 जून 2005 रोजी इंडियानापोलिसला पाहिले. त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत मध्येच टायर बदलण्याची मुभा नव्हती. सरावात तिथल्या तिरक्या, भरधाव वळणावर राल्फ शूमाकरची गाडी टायर दगा देऊन भिंतीवर आदळली, आणि या टायरांवर पूर्ण शर्यत काढणे सुरक्षित नाही असे खुद्द मिशलिनने कळवले. वाटाघाटी फिसकटल्या. शर्यतीच्या दिवशी वीस गाड्या रांगेत निघाल्या नि मिशलिनवाल्या चौदा गाड्या सुरुवातीआधीच आत वळल्या. उरल्या ब्रिजस्टोनवाल्या सहा. त्यांतल्या जॉर्डन गाडीत आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. प्रेक्षक चिडले, त्यांचेही बरोबरच होते. पण 1895 मध्ये बावीस नळ्या फोडून मुदतीबाहेर पोचलेल्या घराण्याच्या कंपनीने 110 वर्षांनी गाड्या न पळवण्याचा सल्ला दिला, यात मला तरी कमीपणा दिसत नाही.

आता कोल्हापूरच्या पोरांनाही हे शिकायला दूर जावे लागत नाही. हुपरी रस्त्याकडे मोहिते रेसिंगचा ट्रॅक झाला, तिथे राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी ही नावे शर्यतीच्या बातम्यांत आली, कृष्णराज महाडिक तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन पोचला. रोटॅक्सच्या कार्टांना सर्वांना एकाच जातीचे टायर लावावे लागतात. मग जिंकायचे कशावर? इतर बऱ्याच गोष्टींबरोबर हवेवर! हवा अधिक भरली की टायर लवकर तापतो, पण पुढे निसटू लागतो. कमी भरली तर तापायला वेळ लागतो. पंक्चरवाल्याकडे ‘तीस पौंड मारा’ म्हणून पान खायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना पौंडाच्या अंशावर वाद घालणारी बारा वर्षांची पोरे पाहून लाज वाटावी.

दिवाळीच्या आधी भाचा पुन्हा दुकानात निघाला तेव्हा मला बरोबर घेऊन गेला. टायरच्या भिंतीवर ज्योतिषाच्या पत्रिकेसारखे आकडे असतात. 195/55 आर 15, पुढे 85 व्ही. म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 55 टक्के, बांधणी रेडियल, रिम 15 इंची, एका टायरवर भार 515 किलो, वेगाची मर्यादा ताशी 240 किलोमीटर. एका कोपऱ्यात चार आकड्यांचा शिक्का होता, तो बनावटीच्या आठवड्याचा आणि वर्षाचा. पहिली जोडी पाच वर्षे माळ्यावर पडलेली निघाली. ती आम्ही परत ठेवायला लावली. भाच्याने एकाच जातीचे, एकाच मापाचे, खोल नक्षीचे चार टायर घेतले. रुंद, उथळ नक्षीचे अगदी चिकट टायर शेजारीच मांडले होते. त्यांच्याकडे त्याने दोनदा पाहिले, आणि मीही एकदा पाहिले हे कबूल करायला हरकत नाही.

मागचे झिजलेले दोन टायर आम्ही घरी आणून परसात ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर एक जागेवर नाही. गल्लीतली पोरे ते काठीने हाणीत रंकाळ्याकडे निघाली होती.