खोलीत न मावणारा अभ्यास

मुंबईत घरात भरणारी शाळा इमारतीत भरणाऱ्या शाळेहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंतोजी एखाद्याच्या ओटीवर किंवा पडवीत मुले जमवीत. सामान फारसे लागत नसे. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर गिरवायचे, हाताने पुसून पुन्हा गिरवायचे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ. मुले उठून गेली की शाळेची पुन्हा ओटी होई. 1848 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या मंडळींनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हाही इमारतीची वाट कोणी पाहिली नाही. जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली आणि सोसायटीचे तरुण सभासद बिनपगारी शिकवू लागले.

वाड्याला ओटी होती. चाळीच्या खोलीला ती नव्हती. 1854 नंतर गिरण्या वाढत गेल्या, तशा परळ, लालबागच्या बाजूला कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) आला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. 1920 नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून 207 चाळी उभारल्या. बीडीडीची एक खोली साधारण 160 चौरस फुटांची. बांधणाऱ्यांच्या हिशेबात माणसाने कामावर जावे, जेवावे आणि झोपावे एवढेच होते. मूल पुस्तक घेऊन बसेल तर कुठे, हा प्रश्न नकाशात कुठेच नव्हता.

त्यामुळे अभ्यासाची जागा भिंतींनी ठरली नाही, वेळेने ठरली. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण परळचेच. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब मुंबईत आले ते लोअर परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत. स्वयंपाक, भांडीकुंडी, धूर, झोपणे सगळे तिथेच. रामजींनी त्यावर तोड काढली ती अशी: मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, याने लवकर झोपायचे, आपण जागे राहायचे आणि रात्री दोनला मुलाला उठवून त्याच्या जागी आडवे व्हायचे. पुढचा अभ्यास बिनकाचेच्या दिव्यावर उजाडेपर्यंत. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची नजर त्याच्यावर गेली. 1907 मध्ये हा मुलगा मॅट्रिक झाला. नंतर कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत गेले. तिथे दोन खोल्या मिळाल्या आणि त्यांतली एक वाचनाला लागली. डॉ. आंबेडकरांनी 1930 च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. आधीच्या त्या एका खोलीची आठवण ठेवली, तर या घराचा नकाशा अधिक कळतो.

इतर घरांत अशी योजना कोणी कागदावर मांडली नाही, पण रीत तीच होती. गिरणीच्या तीन पाळ्यांमुळे खोलीत दिवसाही कोणी ना कोणी झोपलेले असे. रात्रपाळीचा बाप पांघरूण डोक्यावर ओढून पडला, की पोरांनी आवाज न करता गॅलरी गाठायची. दप्तर खुंटीला. पत्र्याची ट्रंक हेच टेबल, समोर बसायला पाट. दिवेलागणीला शुभंकरोती आणि परवचा, तो मात्र मोठ्याने, शेजारच्या खोलीला ऐकू जाईल असा. ताटे उचलून जमीन पुसली, की तिथे वह्या उघडायच्या आणि अंथरुणे पडेपर्यंत गृहपाठ उरकायचा. ज्यांनी पोटमाळा घालून घेतला होता, त्यांच्याकडे मोठा मुलगा वर चढे. तिथे ताठ बसता येत नसे, पण कोणी हाकही मारत नसे. परीक्षेच्या दिवसांत गॅलरीतल्या दिव्याखालची जागा आधी पकडावी लागे.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. खोली सोडणे परवडेनासे झाले, मुलांची लग्ने त्याच खोलीत झाली आणि गॅलरीतला कठड्याजवळचा अभ्यासाचा कोपराही शिलाई मशीनने किंवा पाण्याच्या पिंपाने अडवला.

उरलेला अभ्यास घराबाहेर पडला. त्याला आधार देणाऱ्या संस्था आधीच उभ्या होत्या: 1898 चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, तसेच ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापलेली सोशल सर्व्हिस लीग. लीगने कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग आणि वाचनालये चालवली. पुढे सार्वजनिक मंडळांनी आणि पालिकेने अभ्यासिका काढल्या. लांब टेबल, ट्यूबलाइट, पंखा आणि शांततेची सक्ती एवढीच त्यांची मालमत्ता. घरात नेमके तेवढेच नसे. वरळीत तर सुदाम काळू अहिरे मार्गालाच अभ्यास गल्ली हे नाव पडले. बीडीडी चाळींतली मुले तिथे रस्त्याच्या दिव्याखाली वाचत आली आहेत.

2020 च्या टाळेबंदीत हे सगळे दरवाजे एकदम बंद झाले. अभ्यासिका बंद, वाचनालय बंद, गल्लीत बसायला मनाई. शाळा मोबाइलवर आली आणि त्या एका खोलीत दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी भरू लागले. एकाच फोनवर तास वाटून घ्यायचे, कॅमेरा भिंतीकडे वळवायचा, कुकरची शिट्टी झाली की माइक बंद करायचा, ही नवी शिस्त घरोघर आपोआप ठरली.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना पुनर्विकसित इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. घर 500 चौरस फुटांचे, दोन शयनगृहांचे. त्या नकाशात गॅलरी नाही, पण दार लावून घेता येईल अशा दोन खोल्या आहेत.