पंगतीपासून टेबलापर्यंत

रविवारची संध्याकाळ झाली, की शहरातल्या माणसाला घर पुरेनासे होते. मुले सारसबागेचा हट्ट धरतात, तरुण मंडळींचे पाय फर्ग्युसन रस्त्याकडे वळतात, आणि वडीलधारी माणसे 'नुसते फिरून येतो' म्हणून निघतात ती हटकून कुठल्या तरी अमृततुल्यच्या दारात सापडतात. आपण आत शिरतो, रिकामी खुर्ची पाहून बसतो, हवे ते मागवतो, पैसे देतो आणि उठतो. शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे, चहा कुणाच्या हातचा आहे, हे विचारायचे आपल्या मनातही येत नाही.

वाचकहो, ही न विचारण्याची सवय फार जुनी आहे असे मात्र समजू नका. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात हाच प्रश्न पहिला होता. एका साध्या कप-बशीवरून या पुणे शहरात दोन वर्षे वाद चालला, आणि ज्या टेकडीवर आपण हवा खायला जातो तिच्या पायथ्याशी दगड पडले. इतिहास म्हटला की लढाया आणि तह, एवढेच आपल्याला आठवते. परंतु शहराची माणसे कुठे बसतात, काय खातात आणि मुख्य म्हणजे कुणाबरोबर बसतात, हाही इतिहासच आहे. आज थोडा वेळ त्याकडे पाहू.

पुणे हे मुळात बागांचे शहर. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, मोतीबाग, हिराबाग, सारसबाग ही नावेच पाहा ना! यांपैकी कित्येक ठिकाणी आज औषधालाही झाड उरलेले नाही. पण नावे टिकून आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १७४० ते १७६१ या काळात, शहराला रूप आले. पर्वतीचे देवालय, तिच्या पायथ्याचे तळे आणि हिराबाग ही सारी त्याच काळातली. आज सारसबागेत ज्या गणपतीला आपण जातो, तो एके काळी खरोखरच तळ्याच्या मध्यभागी होता. पुढे पाणी हटले, हिरवळ आली. पण पुणेकरांच्या तोंडी 'तळ्यातला गणपती' हे नाव अजून आहे. शेजारी १९५३ साली पेशवे उद्यान झाले आणि १९५६ साली तिथे 'फुलराणी' धावू लागली. तिथले वाघ-सिंह १९९९ साली कात्रजला गेले. फुलराणीत बसलेली मुले मात्र आजोबा होऊन नातवंडांना घेऊन आली.

इंग्रज आले तसे पुण्याचे दोन भाग पडले. पश्चिमेच्या अंगाला पेठा, पूर्वेच्या अंगाला लष्कर. लष्कराच्या बाजूला सोल्जरांसाठी जी बाग होती तीच पुढे एम्प्रेस गार्डन झाली. मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याला सर जमशेटजी जीजीभॉय यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि त्या बंधाऱ्याच्या कडेला बंडगार्डन फुलले. गोऱ्या लोकांचे क्लब होते, तिथे आपल्या माणसाला बहुधा नोकर म्हणूनच प्रवेश. म्हणून १९०६ साली आपल्या लोकांनी डेक्कन जिमखाना काढला. खेळायला जागा हवी म्हणून काढलेल्या संस्थेचे नाव पुढे एका अख्ख्या वस्तीला मिळाले.

हे झाले हवा खाण्याचे. पण जेवण्याखाण्याचे काय?

जुन्या काळी घराबाहेर जेवणे हे संकटच समजले जाई. प्रवासी शिदोरी बांधून निघे, धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडी आणि आपले आपण शिजवून खाई. गरीब विद्यार्थी माधुकरी मागे, नाहीतर सात घरी सात वार लावून जेवे. जेवण म्हणजे पंगत. आणि पंगत म्हणजे नुसते ओळीने बसणे नव्हे. कोणी कोणाच्या शेजारी बसायचे, कोणी वाढायचे, कोणी मागून जेवायचे आणि कोणी अंगणातच थांबायचे, याचा सारा हिशेब त्या पाटांच्या रांगेत मांडलेला असे. समाजाची घडण पाहायची असेल तर पंगत पाहावी, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या पंगतीला पहिला धक्का दिला तो आगगाडीने आणि कचेऱ्यांनी. १८५८ साली पुण्याला रेल्वे आली. कॉलेजे निघाली, परगावची मुले आली, एकटेदुकटे कारकून आले. त्यांच्यासाठी खाणावळी निघाल्या. पण खाणावळीलाही जात होती! दारावरची पाटी आत कोणी यावे हे स्पष्ट सांगे. म्हणजे पंगत घरातून बाजारात आली खरी, पण आपले नियम बरोबर घेऊन आली.

आणि मग १८९० साल उजाडले. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. शहरातली मोठमोठी मंडळी आमंत्रणावरून गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळराव गोखले होते. व्याख्यानानंतर मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हाती धरून खाली ठेवला. गोष्ट इथेच संपायची. पण डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव जोशी हे मोठे अवलिया गृहस्थ. त्यांनी हजर मंडळींची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली, आणि शहरात एकच गहजब उडाला. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य माजले. लग्नकार्ये अडली, श्राद्धाला ब्राह्मण मिळेनात, माहेरवाशिणींना माहेर बंद झाले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी मित्रांची अडचण निवारावी म्हणून १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांची फार निराशा झाली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे, तो मुळातूनच वाचावा.

आज आपल्याला याचे हसू येते. पण जरा थांबा. त्या मंडळींपैकी कोणीही भित्रे नव्हते. टिळकांनी पुढे मंडाले भोगले. अशा माणसांनाही एका कपाने कोंडीत धरले, यावरून त्या कपाचे वजन केवढे होते हे ओळखावे. सरकारशी भांडताना माणूस एकटा उभा राहू शकतो. पण घरातल्या मुलीचे लग्न अडले म्हणजे त्याचे पाय लटपटतात.

मग पेठांतून चहा रुळला कसा? याचे एक उत्तर कोपऱ्याकोपऱ्यावरच्या 'अमृततुल्य' दुकानांत आहे. ती चालवणारी मंडळी मूळची राजस्थानातली, बरीचशी श्रीमाळी ब्राह्मण. दुकानांना नावे देवांची, पितळेचे घासूनपुसून लख्ख केलेले पातेले, आणि सुंठ-वेलदोडे कुटण्याचा तालबद्ध आवाज. सोन्यामारुती चौकाजवळचे 'आद्य अमृततुल्य' १९२४ सालचे म्हणून सांगतात. चहा करणारा ब्राह्मण, दुकानाला नाव देवाचे, मग सोवळ्यातल्या पुणेकराला नाही म्हणायला जागा राहिली नाही! रूढीने दार अडवले, तेव्हा चहा खिडकीतून आत आला, असे म्हणा हवे तर.

दुसरे उत्तर इराण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून काही झरतुष्ट्री आणि काही मुसलमान कुटुंबे मुंबई-पुण्याकडे आली आणि त्यांनी हॉटेले थाटली. डेक्कनवरचे 'गुडलक' १९३५ सालचे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई. पण इराण्याची खरी देणगी बनमस्का नव्हे, तर टेबल! पाट ज्याचा त्याचा असतो; टेबल कुणाचेच नसते. जो येईल तो बसेल. वकील आणि टांगेवाला, विद्यार्थी आणि शाहीर एकाच संगमरवराला कोपर टेकून बसू लागले. दोन आण्यांत दोन तास बसता येई, आणि गल्ल्यावरच्या शेटला तुमच्या गोत्राशी काही कर्तव्य नसे.

लकडी पुलापलीकडे फर्ग्युसन कॉलेज होतेच. नव्या वस्तीत मग दक्षिणेकडची मंडळी आली. कारकळ-उडुपीकडचा पोरसवदा मुलगा हॉटेलात कपबशा विसळता विसळता मालक होतो, ही त्या काळची खरी घडलेली गोष्ट. एकाची नव्हे, अनेकांची. जगन्नाथ शेट्टी यांची 'कॅफे मद्रास' आणि 'मद्रास हेल्थ होम' ही उपाहारगृहे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आज आपण त्यांना 'रूपाली' आणि 'वैशाली' म्हणून ओळखतो. इडली-डोसा पुणेकराच्या पानात आला तो याच वाटेने. इकडे लक्ष्मी रस्त्यावर मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली 'पूना गेस्ट हाऊस' काढले, आणि मराठी घरची चव नाटक-सिनेमाच्या मंडळींबरोबर टेबलावर येऊन बसली.

बायकांचे काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. बाईमाणसाने हॉटेलात जाणे ही गोष्ट फार उशिरा अंगवळणी पडली. पडदा लावलेली 'फॅमिली रूम' हा त्यातला मधला मुक्काम. पडद्याआड का होईना, पण घरातली बाई दुसऱ्याने केलेला चहा बसून प्यायला लागली. दिवसातून दहा वेळा चहा टाकणाऱ्या हातांना आयता कप मिळणे, याची किंमत पुरुषांना सहजी कळायची नाही.

इथपर्यंतची कथा मोठी गोड आहे. पण ती इथेच थांबवली तर अर्धी राहील. कारण टेबल सर्वांचे झाले म्हणताना 'सर्व' म्हणजे कोण, हे विचारले पाहिजे.

१८६८ साली जोतिराव फुल्यांनी गंजपेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. पंचहौद मिशनपासून ते घर फार दूर नाही. चहाचा गहजब उडाला त्याच १८९० च्या नोव्हेंबरात जोतिराव वारले. म्हणजे ज्या शहरातले पुढारी एका कपापुढे अडखळले, त्याच शहरात एक माणूस बावीस वर्षे आधी सबंध हौद उघडा करून बसला होता!

तिकडे कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी गंगाराम कांबळे यांना 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले. राजा चहा पितो म्हटल्यावर बरोबरच्यांना नाही कसे म्हणता येईल? हजार व्याख्यानांनी झाले नसते ते त्या एका कपाने झाले.

पुण्यात मात्र १९२९ साल उजाडले तरी पर्वतीच्या देवळाचे दार अस्पृश्यांना बंद होते. १३ ऑक्टोबरला शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे तरुण त्यांच्या बाजूने उभे राहिले. सत्याग्रहींवर दगड आले. पुढल्या वेळी त्या १०३ पायऱ्या चढताना दम लागला, की क्षणभर थांबून हेही आठवावे.

पुढे १९४७ साली मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला, आणि १९५० साली राज्यघटना आली. तिचे पंधरावे कलम जरूर पाहा. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव यांत जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. देशाच्या घटनेत उपाहारगृहाचा उल्लेख का यावा? कारण ज्यांनी ती लिहिली त्यांना हॉटेलाबाहेर निराळी ठेवलेली कपबशी ठाऊक होती. आणि ती कपबशी कायद्याने एका दिवसात फुटली नाही. १९७२ च्या सुमारास पुण्याच्या बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावे लागलेच.

याच बाबांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. ओझी वाहणाऱ्या माणसाला परवडेल असे, बसून खाता येईल असे जेवण. पुण्याच्या नामांकित उपाहारगृहांची यादी कुणी केली आणि तीत हे नाव नसले, तर ती यादी अपुरी समजावी.

आजच्या उपाहारगृहांच्या दारावर जातीची पाटी नाही. पण पाटी नसली म्हणजे दार उघडेच असते असे नाही. दोनशे रुपयांची कॉफी हीही एक प्रकारची पाटीच आहे. आणि बागेच्या फाटकावरचे तिकीट कुणाला जड जाते, हेही कधी पाहावे. त्यातल्या त्यात समाधान एवढेच, की कोपऱ्यावरच्या अमृततुल्यपुढे अजून रिक्षावाला आणि प्राध्यापक एकाच बाकावर बसतात.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी फिरायला निघाल तर असे करा. गुरुवार पेठेतल्या पंचहौदापासून निघा, फुलेवाड्यातला हौद पाहा, वाटेत चहा घ्या, आणि उन्हे कलली की पर्वती चढा. सारी वाट पायी होण्यासारखी आहे. नामदार गोखल्यांनाही त्या एका चहापायी त्रास झाला. त्यांचेच नाव आज फर्ग्युसन रस्त्याला आहे, आणि त्या रस्त्यावर तुम्हीआम्ही कुणाच्याही शेजारी बसून बिनदिक्कत चहा पितो. एवढे ध्यानात ठेवले, की पुढचा कप निराळाच लागेल.