गेम कन्सोलला ५.१ स्पीकर जोडायचेत? पैसे काढण्याआधी टीव्हीच्या मागे बघा

हैदराबाद : नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबाद या पट्ट्यातले बरेच जण इलेक्ट्रॉनिक्सच्या खरेदीला हैदराबाद गाठतात. कोठीची गुजराती गल्ली नाहीतर सिकंदराबादला पार्कलेनवरचं चिनॉय ट्रेड सेंटर, हे ठरलेले पत्ते. तिथून स्पीकर येतात, घरातलं पोरगं ते पीएस५ ला जोडायला बसतं आणि मागचे दोन स्पीकर गप्पच. मग 'माल खराब निघाला' म्हणून पुन्हा हैदराबादची चक्कर. खरं तर बहुतेक वेळा स्पीकर चांगलेच असतात, चूक जोडणीत असते.

५.१ म्हणजे सहा वेगळे आवाज : पुढचे डावा-उजवा, मधला, मागचे दोन आणि '.१' म्हणजे सबवूफर. कन्सोल हे सहाही आवाज देतो. स्पीकरपर्यंत जाताना वाटेत कुठेतरी त्यांचे दोन होतात. ते कुठे होतात, एवढंच शोधायचं.

कन्सोलला कोणतं सॉकेट आहे?

पीएस३, मूळ पीएस४, पीएस४ प्रो आणि एक्सबॉक्स वन यांना ऑप्टिकल सॉकेट आहे. जुन्या होम थिएटरलाही ते असेल तर सरळ वायर लावा. पीएस४ स्लिम, पीएस५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस यांना ऑप्टिकल नाही, आवाज फक्त एचडीएमआयमधून बाहेर येतो. निन्टेंडो स्विचचंही डॉकवर तसंच.

जोडणीचे तीन रस्ते

१) अ‍ॅम्प्लिफायरला एचडीएमआय इनपुट असेल तर कन्सोल आधी अ‍ॅम्पला आणि अ‍ॅम्प टीव्हीला जोडा. आवाजासाठी हा सगळ्यात सोपा रस्ता. पण चित्रही अ‍ॅम्पमधूनच जातं, त्यामुळे अ‍ॅम्प जुना असेल तर ४के मिळेलच असं नाही.

२) कन्सोल टीव्हीला लावा आणि टीव्हीच्या ज्या एचडीएमआय सॉकेटवर 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' लिहिलंय, तिथून वायर अ‍ॅम्पला किंवा साउंडबारला न्या. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली तर आवाज येणार नाही.

३) कन्सोल टीव्हीला आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून वायर होम थिएटरला. जुना सेट वापरात आणायचा असेल तर हाच रस्ता.

सेटिंग बदलल्याशिवाय भागत नाही

ऑप्टिकल आणि साधं एआरसी म्हणजे अरुंद बोळ. पीसीएम म्हणजे मोकळा आवाज पाठवला तर त्यातून दोनच चॅनेल जातात. तेच सहा आवाज डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये गाठोडं बांधून पाठवले तर सहाही पोचतात. ई-एआरसीला ही अडचण नाही, तिथे पीसीएमचे सगळे चॅनेल जातात.

म्हणून पीएस५ वर सेटिंग्ज, साउंड, ऑडिओ आउटपुट असं जा आणि ऑडिओ फॉरमॅटमध्ये डॉल्बी निवडा. एक्सबॉक्सवर 'व्हॉल्यूम अँड ऑडिओ आउटपुट'मध्ये एचडीएमआय ऑडिओला बिटस्ट्रीम आणि डॉल्बी डिजिटल ठेवा. एवढं करून थांबू नका. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर ते 'ऑटो' किंवा 'पास थ्रू' करा. काही टीव्ही एचडीएमआयमधून आलेला आवाज पुढे दोनच चॅनेलमध्ये देतात. तिथे कितीही सेटिंग फिरवलं तरी उपयोग नाही, एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाचा छोटा डबा मध्ये लावावा लागतो.

स्विचवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. तो ५.१ फक्त पीसीएममध्ये देतो, डॉल्बीत नाही. त्याला एचडीएमआयचा अ‍ॅम्प किंवा ई-एआरसीच बरं.

तीन पिनांचे कॉम्प्युटर स्पीकर

हिरवी, काळी आणि नारिंगी पिन असलेले ५.१ स्पीकर स्वस्तात मिळतात, पण ते कॉम्प्युटरच्या साउंड कार्डसाठी बनवलेले असतात. पीएस५ ला या तीन पिनांची जागाच नाही. कंट्रोलरच्या हेडफोन सॉकेटमध्ये हिरवी पिन घातली तर दोनच आवाज मिळणार. घरात असे स्पीकर असतील तर टाकून देऊ नका. ऑप्टिकल घेऊन सहा आवाज वेगळे करणारा ५.१ डिकोडर मध्ये लावला की तेही चालतात.

जुन्या डीव्हीडी होम थिएटरचे सुटे स्पीकर दुसऱ्या अ‍ॅम्पला लावताना मागचा ओहमचा आकडा बघा. अशा सेटचे स्पीकर बऱ्याचदा ३ किंवा ४ ओहमचे असतात. अ‍ॅम्पवर किमान ६ लिहिलं असेल तर तो तापून बंद पडू शकतो.

५.१ खरंच चालू आहे का?

सगळे स्पीकर वाजले म्हणजे ५.१ आलं असं नाही. दोनच आवाज सगळीकडे पसरवण्याची सोय अनेक अ‍ॅम्पमध्ये असते. अ‍ॅम्पच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल, डीटीएस किंवा मल्टिचॅनेल पीसीएम दिसतंय का ते बघा. मग ५.१ असलेला गेम लावून पात्राला गोल फिरवा. पुढचा आवाज मागे सरकला तर जोडणी बरोबर. मागचे स्पीकर बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, थोडे मागे आणि कानाच्या जरा वर ठेवावेत.

खर्चाचा क्रम असा ठेवा : आधी सेटिंग, त्याला पैसा लागत नाही. नंतर वायर, मग एक्स्ट्रॅक्टर किंवा डिकोडर आणि नवा अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी. हैदराबादला निघण्याआधी टीव्ही, कन्सोल आणि होम थिएटर या तिन्हींच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये घ्या, मॉडेल नंबरसकट. दुकानात फोटो दाखवा, जमलं तर तिथेच जोडून बघा आणि पक्कं बिल मागा. माल परत करायची वेळ आली तर दोनशे-तीनशे किलोमीटरवरून तोंडी व्यवहार निस्तरत नाही.