काचेवरची नव्हे, भोकातली धूळ

गणपतीच्या आधी घराची साफसफाई निघाली की माळ्यावरची जुनी यंत्रे खाली येतात आणि त्यांच्यावर सरसकट ओले फडके फिरते. जुन्या स्पर्शपडद्याच्या संगणकाला मात्र हे फडके मानवत नाही. का, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

बोटाने चालणारा पडदा मोबाईलबरोबर आला, असा सर्रास समज आहे. खरे तर १९६५ साली इंग्लंडमधील मॅल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी अशा पडद्याविषयी लिहिले होते. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो ४’ या शिक्षणयंत्रणेत विद्यार्थी पडद्यावर बोट ठेवून उत्तरे देऊ लागले. पडद्यासमोर अवरक्त किरणांची १६ बाय १६ घरांची अदृश्य जाळी असे. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो, तोच हा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. बोट मध्ये आले की एक आडवा आणि एक उभा किरण अडतो. त्यावरून बोट कुठे आहे ते यंत्र ओळखते.

हीच युक्ती ह्यूलेट-पॅकार्डने १९८३ मध्ये एचपी-१५० या संगणकात वापरली. ९ इंची पडदा, इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, एमएस-डॉस आणि साडेतीन इंची फ्लॉपी. पडद्याच्या चौकटीला आतून बारीक भोके होती; काही भोकांत किरण सोडणारे दिवे, त्यांच्या समोरच्या भोकांत ते टिपणारे डोळे. काचेत स्वतःची अशी काही जादू नव्हती. बोटाऐवजी पेन्सिल धरली तरी काम होई.

पण चौकटीच्या खालच्या कडेची भोके वर तोंड करून होती, आणि धूळ खालीच बसते! भोके बुजली की किरण अडत आणि पडदा बोटाला दाद देईनासा होई. उपाय एकच, व्हॅक्यूम क्लीनरने ती धूळ ओढून काढणे. एवढे पुढचे यंत्र बनवणाऱ्यांच्या नजरेतून ही घरगुती गोष्ट सुटली, याची मला गंमत वाटते आणि थोडी हळहळही.

आज हे कळीचे ठरते. स्पर्श चालत नसलेला एचपी-१५० म्हणजे एक साधा जुना संगणक, असे समजून तो भंगारात जातो. प्रत्यक्षात बिघाड कधी कधी चिमूटभर धुळीचाच असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्लग काढावा. मग मऊ, कोरड्या ब्रशने भोकांच्या कडा सैल कराव्यात आणि व्हॅक्यूमचे तोंड थोडे दूर धरून धूळ ओढावी. फुंकर मारू नये. धूळ आणखी आत जाते, वर ओलावाही जातो. ओले फडके आधी फिरवले तर धुळीचा चिखल होऊन तो भोकात बसतो. मागचे झाकण मात्र जाणकाराशिवाय उघडू नये. जुन्या काचनळीत प्लग काढल्यावरही काही हजार व्होल्टचा भार उरलेला असू शकतो.

काच सर्वांत शेवटी. द्रव फडक्यावर घ्यावा, काचेवर फवारू नये. ओघळ खाली उतरतो तो थेट त्याच भोकांत.