देणं फेडून निघावं

माझे आजोबा मुंबईहून आगबोटीनं हजला गेले. निघण्याआधी आठ दिवस ते गावात दारोदार फिरत होते. ‘तुमचं काही देणं राहिलंय का माझ्याकडं?’ एवढंच विचारायचे. वाण्याची उधारी, सुताराची मजुरी, सगळं चुकतं केलं आणि मगच बोटीवर पाय ठेवला. हज यात्रेकरूंच्या बोटी १९९५ मध्ये बंद झाल्या. मी गेलो तो विमानानं. उधारी मीही फेडली होती. पण त्या प्रवासात माझ्या नावावर आकाशात जी उधारी चढली, ती कुणाकडं फेडायची हे मला ठाऊक नव्हतं.

आजोबांची आगबोटही धूर सोडायचीच. विमानाचा धूर मात्र उंचावर जातो आणि नजरेआड होतो. विमानाचं १ किलो इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून वजन वाढतं. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे.

या उधारीचा इतिहास मोठा बोलका आहे. १९४४ मध्ये शिकागोला नागरी विमानवाहतुकीचा करार झाला. परदेशातून आलेल्या विमानाच्या टाकीतल्या इंधनावर जकात लावायची नाही, असं त्यात ठरलं. युद्धानं दुभंगलेलं जग जोडायचं होतं; तेव्हा ते योग्यच वाटलं असेल. पुढं १९९७ मध्ये क्योटो इथं देशादेशांच्या धुराचा हिशेब मांडला गेला, पण आंतरराष्ट्रीय विमानांचा धूर कुठल्याच देशाच्या खात्यावर पडला नाही. मुंबईहून उडून जेद्दाला उतरणाऱ्या विमानाचा धूर कुणाचा? प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेकडं सोपवला गेला.

खातं उघडायला २०१६ साल उजाडलं. माँट्रियलमध्ये ‘कोर्सिया’ योजना मंजूर झाली. ठरलेल्या पातळीवर जेवढा धूर वाढेल, तेवढी कार्बन क्रेडिट्स कंपन्यांनी विकत घ्यायची. भारत त्यात २०२७ पासून येतो. पण या क्रेडिट्समध्ये मोठा वाटा ‘आम्ही जंगल तोडणार नाही’ अशा प्रकारच्या हमीचा. माझ्यावरचं कर्ज शेजाऱ्यानं नवं कर्ज न काढल्यानं फिटतं का? शिवाय जंगलाला वणवा लागला, तर जमा झालेलं पुन्हा नावे पडतं.

हवेतून कार्बन खरोखर काढून घेणं ही खरी परतफेड. आइसलंडमध्ये २०२१ मध्ये ‘ओर्का’ हा प्रकल्प सुरू झाला. तिथं पंखे हवा ओढतात, गाळणी कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते, मग तो पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसॉल्ट खडकात सोडतात. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच. तिथल्या प्रयोगांत दोन वर्षांच्या आत त्या वायूचा दगड झालेला दिसला. धुराचा दगड! कवीला याहून काय हवं? विमानं बनवणाऱ्या एअरबसनंही २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अशाच एका प्रकल्पाची ४ लाख टनांची क्रेडिट्स आगाऊ घेण्याचं ठरवलं.

पण वही उघडून बघावी. ओर्काची क्षमता वर्षाला ४,००० टनांची. एका जंबो जेटच्या भरलेल्या टाकीत १७० टनांच्या आसपास इंधन मावतं. म्हणजे अशा सात-साडेसात टाक्यांचा धूर निस्तरायला ओर्काचं अख्खं वर्ष लागणार, तेही पूर्ण क्षमतेनं चाललं तर. शिवाय विमानामागं उमटणाऱ्या पांढऱ्या रेषाही उष्णता धरून ठेवतात. त्या या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

म्हणून हे क्रेडिट खोटं म्हणू नये आणि त्याला माफीनामाही समजू नये. टाळता येणारा प्रवास टाळावा, इंधन सुधारावं, आणि जे टळत नाही त्याची परतफेड करावी, क्रम हाच. आजोबा देणं फेडायला दारोदार गेले खरे, पण आधी आयुष्यभर ते बेतानंच उधार घेत आले होते. म्हणून तर त्यांना आठ दिवस पुरले.