यीस्ट : जीवरासायनिक व रेणवीय संशोधन

यीस्ट या एककोशिकीय कवकातील रासायनिक व आनुवंशिक व्यापारांचा प्रयोगशाळेतील अभ्यास. किण्वनास जिवंत पेशी अपरिहार्य असते, हे लुई पाश्चर यांचे मत प्रमाण मानले जात असता, एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट वाळूसह खलून व दाबून काढलेल्या पेशीविरहित रसानेही साखरेचे अल्कोहॉल होते, हे निर्विवाद सिद्ध केले आणि एंझाइमविज्ञानाचा पाया घातला (नोबेल पारितोषिक, १९०७). सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी ही जाती त्वरेने वाढत असल्यामुळे आणि तिच्या जनुकांत हवा तो फेरबदल अचूक करता येत असल्यामुळे रेणवीय जीवविज्ञानातही तिला अग्रमान मिळाला. दृश्यकेंद्रकी जीवांत सर्वप्रथम तिचाच संपूर्ण जीनोम १९९६ मध्ये उलगडला. लेलंड हार्टवेल यांनी तिच्यात शोधलेली पेशीचक्राची नियामक जनुके मानवी पेशींतील कर्करोगाच्या अभ्यासासही मार्गदर्शक ठरली, हा सजीवसृष्टीच्या मूलभूत ऐक्याचा उत्तम दाखला होय.